गोलकृमीच्या आहारात स्पर्शाची भूमिका

सिनोऱ्हॅबडायटिस एलिगन्स हा जेमतेम १ मिलिमीटर लांबीचा गोलकृमी कुजणाऱ्या फळांवर आणि पाल्यावर वाढणाऱ्या जिवाणूंवर जगतो. त्याला डोळे नाहीत. घशाचे स्नायू पंपाप्रमाणे जिवाणू आत ओढतात, भरडतात व आतड्याकडे ढकलतात. अन्न मुबलक असताना हा पंप मिनिटाला २०० हून अधिक वेळा चालतो.

अन्नाची ओळख त्याला केवळ वासाने पटते, असे मात्र नाही. भरल्या पोटीचा कृमी जिवाणूंच्या थरात शिरताच मंदावतो. सन २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जिवाणूंऐवजी निर्जीव सूक्ष्म मणी पसरण्यात आले, तरीही कृमी मंदावले. मण्यांत पोषण नव्हते. होता तो फक्त स्पर्श. ही जाणीव डोपामाइन स्रवणाऱ्या चेतापेशी करून देतात. त्यांपैकी डोक्यातील ४ पेशींत टीआरपी-४ ही आयनवाहिनी असते आणि ती थेट यांत्रिक बलानेच उघडते, हे २०१० मध्ये सिद्ध झाले. अशी वाहिनी म्हणजे पेशीपटलातील प्रथिनाचे दार. दाब किंवा ताण आला की ते उघडते, विद्युतभारित कण आत शिरतात व स्पर्शाचा विद्युत संदेश होतो.

घशाच्या आतही असाच पहारा आहे. आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक ज्या पिएझो वाहिन्यांच्या शोधासाठी मिळाले, त्या सस्तन प्राण्यांत दोन आहेत. या कृमीत एकच, पेझो-१. ती नसलेल्या कृमींत आकुंचनांची वारंवारता, त्यांचा अवधी व मधला विराम बदलतो, असे २०२२ मधील संशोधनात आढळले. पंप मात्र बंद पडत नाही. घशातील चेतापेशी नष्ट केल्या तरी तो चालू राहतो, हे १९८९ पासून ठाऊक आहे. तेव्हा पेझो-१ ला पंपाचे इंजिन नव्हे, नियामक म्हणणे अधिक योग्य.

स्पर्श खाणे थांबवूही शकतो. अंगाला हलका धक्का लागला की पंप क्षणभर थबकतो. चरणारे जनावर चाहूल लागताच तोंड थांबवते, तसेच काहीसे. हा स्पर्श टिपणारी वाहिनी निराळी, एमईसी-४.

घसा कायमचा थांबला तर कृमी उपाशी मरतो. हत्तीरोगावर वापरले जाणारे आयव्हरमेक्टिन या कृमीचा घसा लुळा पाडते, मात्र ते यांत्रिक बलाने नव्हे, तर ग्लुटामेट या रसायनाने उघडणाऱ्या वाहिन्यांवर काम करते.