हीलियमचा शोध व दख्खनमधील सूर्यग्रहणे (१८६८ व १८९८)

हीलियम या मूलद्रव्याची पहिली खूण पृथ्वीवर नव्हे, तर सूर्याच्या प्रकाशात मिळाली. १८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतीय द्वीपकल्पातून दिसलेल्या खग्रास सूर्यग्रहणात ही खूण अनेक निरीक्षकांच्या दृष्टीस पडली. महाराष्ट्रात या शोधाचे नाते सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग किल्ल्याशी जोडले जाते. ते नाते खरे आहे. मात्र लोकसमजुतीत तीस वर्षांच्या अंतराने झालेल्या दोन ग्रहणांची सरमिसळ झालेली आहे.

१८६८ च्या ग्रहणाविषयी शास्त्रज्ञांत जी उत्कंठा होती, तिचे कारण वर्णपटदर्शक हे नवे साधन होय. किरखोफ व बन्सन यांनी १८५९–६० मध्ये असे दाखवून दिले होते की, प्रत्येक मूलद्रव्य तापले असता त्याच्या प्रकाशात ठराविक जागी ठराविक रेषा उमटतात. या रीतीने सीझियम (१८६०) व रुबिडियम (१८६१) ही दोन नवी मूलद्रव्ये हाती आली. खग्रास स्थितीत सूर्यबिंबाच्या कडेला तांबूस ज्वालांसारखी तेजःशृंगे दिसतात. ती कशाची बनलेली आहेत, हा प्रश्न आता वर्णपटाच्या साहाय्याने सुटण्याजोगा झाला होता. शिवाय या ग्रहणाची खग्रास स्थिती भारतात पाच मिनिटांहून अधिक काळ टिकणार होती, असा योग क्वचितच येतो.

ग्रहणाचा पट्टा एडनकडून अरबी समुद्र ओलांडून कोकण किनाऱ्यावर आला आणि दख्खन पार करून बंगालच्या उपसागरात उतरला. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लंडनच्या रॉयल सोसायटीच्या वतीने लेफ्टनंट जॉन हर्शेल (प्रसिद्ध ज्योतिर्विद सर जॉन हर्शेल यांचे पुत्र) यांनी तळ दिला. विजापूर येथे हेग, गुंटूर येथे टेनंट व फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन, तर मछलीपटनम येथे मद्रास वेधशाळेचे पॉग्सन होते. त्याच वेधशाळेचे चिंतामणी रघुनाथाचारी यांनी वनपर्ती येथून वेध घेतले. पट्ट्यात आणखी पूर्वेकडे सयामचे राजे मोंगकुट यांनी स्वतः ग्रहणाचे गणित मांडले होते. ते पाहुण्यांना घेऊन समुद्रकाठच्या दलदलीच्या प्रदेशात गेले, तेथे त्यांना हिवताप जडला व १ ऑक्टोबर रोजी त्यांचे निधन झाले. दिवस श्रावणी अमावास्येचा असल्याने भारतातील अनेक तळांवर ढगांची धास्ती होती. जमखंडीला हर्शेल यांना ढगांच्या फटींतूनच निरीक्षण साधावे लागले.

सामान्य लोकांच्या दृष्टीने ग्रहण म्हणजे स्पर्श व मोक्ष यांच्या वेळा, स्नान, जप व दान. पण या वेळा कोणत्या पंचांगाच्या मानायच्या, हा प्रश्न त्या काळी महाराष्ट्रात ऐरणीवर होता. रायगड जिल्ह्यातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांच्या ग्रहलाघव (शके १४४२, इ. स. १५२०) या ग्रंथावरून पिढ्यान्‌पिढ्या पंचांगे होत आली होती. दीर्घ काळात साचलेल्या अंतरामुळे त्यांचे गणित आकाशाशी पुरते जुळेनासे झाले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी ग्रहसाधनाची कोष्टके (१८६०) रचून युरोपीय वेधांवर आधारलेले गणित मराठीत आणले आणि १८६५ पासून त्यांच्या पुढाकाराने नवे पंचांगही निघू लागले. तिथी किंवा नक्षत्र यांतील चूक सामान्य माणसाला डोळ्यांनी दिसत नाही. ग्रहणाच्या वेळेतील चूक मात्र गावातल्या कोणालाही दिसते. या दृष्टीने प्रत्येक ग्रहण हे पंचांगकर्त्यांची जाहीर परीक्षाच असे. महाड–पोलादपूरचा डोंगराळ मुलूख दोन्ही ग्रहणांत पट्ट्याच्या उत्तरेस राहिला, त्यामुळे तेथे ती खंडग्रासच होती; विजयदुर्ग मात्र दोन्ही पट्ट्यांत येतो.

गुंटूरला जान्सेन यांना तेजःशृंगांच्या वर्णपटात ठळक तेजस्वी रेषा दिसल्या. तेजःशृंगे तप्त वायूंची, मुख्यतः हायड्रोजनाची आहेत, हे त्यामुळे ठरले. या रेषा इतक्या ठळक होत्या की, ग्रहण नसतानाही त्या दिसाव्यात असे त्यांना वाटले व दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्या पाहिल्याही. तिकडे इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉक्यर हे सरकारी युद्ध कार्यालयातील कारकून फावल्या वेळात ज्योतिषाचा अभ्यास करीत असत. त्यांनी २० ऑक्टोबर रोजी स्वतंत्रपणे हीच गोष्ट साधली. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे २६ ऑक्टोबरच्या एकाच बैठकीत आली. श्रेयाचा वाद न माजविता फ्रेंचांनी पुढे दोघांच्या मुद्रा असलेले पदक काढले. विज्ञानाच्या इतिहासात असा समंजसपणा नेहमी आढळत नाही.

या रेषांत एक पिवळी रेषा होती. ती सोडियमाच्या सुपरिचित रेषाजोडीलगत असल्याने बहुतेकांनी तिला सोडियमाचीच मानले. पॉग्सन यांना ती नेमकी त्या जागी नसल्याची शंका आली होती, परंतु त्यांच्या अहवालाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. लॉक्यर यांनी तिची जागा काटेकोरपणे निश्चित केली. रसायनशास्त्रज्ञ फ्रँक्लंड यांच्यासह प्रयोगशाळेत हायड्रोजनावर प्रयोग करूनही ती रेषा मिळेना. तेव्हा ती एखाद्या अज्ञात मूलद्रव्याची असावी, असे अनुमान पुढे आले व सूर्य या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘हीलियम’ हे नाव पडले. जे कोणी हाताळलेले नाही त्याला मूलद्रव्य म्हणावयास बरेच रसायनशास्त्रज्ञ तयार नव्हते. अखेर १८९५ मध्ये विल्यम रॅम्झी यांना क्लीव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा आढळली.

लॉक्यर यांनी १८६८ मध्ये विजयदुर्गावरून हीलियम शोधला, असे महाराष्ट्रात सांगितले जाते व १८ ऑगस्टला तेथे हीलियम दिन साजरा होतो. परंतु त्या वर्षी लॉक्यर भारतात नव्हते. भर पावसाळ्यात, श्रावणातल्या कोकण किनाऱ्यावर सूर्यवेधासाठी तळ ठोकणे शहाणपणाचेही ठरले नसते. लॉक्यर विजयदुर्गास आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तो दिवस पौष अमावास्येचा, शनिवार होता. किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून दाखविले जाणारे चौथरे याच मोहिमेशी जोडणे सयुक्तिक ठरते. ‘मेल्पोमीन’ या ब्रिटिश युद्धनौकेवरील अधिकारी व खलाशी निरीक्षणास साह्य करीत होते. मुंबई–पुण्यात प्लेगचे थैमान चालू असताना ही तयारी झाली. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कँबेल व पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांचे तळ होते. वऱ्हाडातील तळणी येथे एव्हर्शेड यांनी सूर्याच्या वर्णगोलाचे वर्णपट टिपले. खग्रास स्थिती सुमारे दोनच मिनिटांची होती.

हीलियमाच्या यशामुळे दुसऱ्याही एका मूलद्रव्याची कल्पना रूढ झाली होती. १८६९ मध्ये अमेरिकेतील ग्रहणात यंग व हार्कनेस यांना सूर्याच्या किरीटात एक हिरवी रेषा दिसली. पृथ्वीवरील कोणत्याही पदार्थाशी तिचा मेळ बसेना, म्हणून ‘कोरोनियम’ असे मूलद्रव्य मानण्यात आले. या रेषेची तरंगलांबी ५३१७ अँगस्ट्रॉम धरली जाई. विजयदुर्ग व जेऊर येथील १८९८ च्या छायाचित्रांवरून ती ५३०३ च्या आसपास असल्याचे सिद्ध झाले. विजयदुर्गाचे खरे शास्त्रीय श्रेय हे आहे आणि ते कमी प्रतीचे नाही, कारण चुकीच्या आकड्यावरून पुढची उकल होणे अशक्य होते. ग्रोट्रिआन व एडलेन यांनी १९३९–४२ या काळात ही रेषा तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची असल्याचे दाखविले. त्यावरून किरीटाचे तापमान दहा लाख अंशांहून अधिक असल्याचे कळले व कोरोनियम इतिहासजमा झाले.

पुण्याची तख्तसिंगजी वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली व तिची वीस इंची परावर्तक दुर्बीण कोडईकानल वेधशाळेकडे गेली. कोडईकानल वेधशाळा पुढे बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेत समाविष्ट झाली. याच संस्थेने तयार केलेले किरीटदर्शक उपकरण २ सप्टेंबर २०२३ रोजी आदित्य–एल१ यानातून सोडण्यात आले. ज्या वर्णपट रेषांचा अभ्यास करण्यासाठी ते बांधलेले आहे, त्यांत ५३०३ अँगस्ट्रॉमची हिरवी रेषा आहे.