मतांची फेरमोजणी



वर्धा जिल्ह्यांत शिक्षक असतांना निवडणुकीच्या मतमोजणीस मला वारंवार जावें लागे. कागदी मतपत्रिकांचे ते दिवस. उत्तररात्रीं एखादी शंकास्पद पत्रिका मेजावर येई. शिक्का दोन चिन्हांमधील रेषेवर पडलेला. दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी तिच्यावर वाकत. अशा दहावीस पत्रिकांवर एखाद्याची निवड अवलंबून असली, म्हणजे तंटा कोठवर जातो, हा आजचा विषय.

पहिल्या दोन सार्वत्रिक निवडणुकांत खुणेचा वाद नव्हता. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी. पसंतीच्या पेटींत पत्रिका टाकली कीं मतदाराचें काम झालें. 1962 सालीं पत्रिकेवर खूण करण्याची पद्धत देशभर आली आणि वादही आला. त्याच वर्षीं बाराबंकी येथून रामसेवक यादव लोकसभेवर निवडून आले. पराभूत हुसेन कामिल किडवई यांनीं मतपत्रिका पाहूं द्याव्या अशी मागणी केली. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन 1964 सालीं अमान्य झाली. काय व कोठें चुकलें हें अर्जांतच नेमकें सांगितलें पाहिजे. पुरावा हुडकण्यासाठीं पेट्या उघडतां येणार नाहींत, असें न्यायालयानें ठरविलें. मताची गुप्तता राखावयाची, तर हें बंधन अवश्यच होतें.

न्यायालयापूर्वींची पायरी मोजणीगृहांतच असते. 1961 च्या नियमांतील 63 व्या नियमान्वये, बेरीज जाहीर झाल्यावर उमेदवारानें कारणें देऊन लेखी फेरमोजणी मागावी. निकालपत्रावर अधिकाऱ्याची सही झाली, कीं ती वाट बंद. पुढें उरतो पंचेचाळीस दिवसांच्या आंत उच्च न्यायालयांत करावयाचा अर्ज. आमच्या जिल्ह्याचा असला तर तो नागपूर खंडपीठापुढें जातो.

यंत्रें आलीं, शिक्क्याचा घोळ संपला, असें आम्हांस वाटलें. पण टपाली मत कागदावरच राहिलें. 4 जून 2024 रोजीं मुंबई वायव्य मतदारसंघांत यंत्रांवरील बेरजेंत अमोल कीर्तिकर 4,51,095 आणि रवींद्र वायकर 4,51,094, असा एकाच मताचा फरक होता. टपाली मतांत वायकरांस 1,550 व कीर्तिकरांस 1,501 मिळालीं. बाद झालेल्या 111 टपाली पत्रिका पुन्हा तपासण्यांत आल्या, आणि वायकर 48 मतांनीं विजयी ठरले. फेरमोजणी मागण्याची वाजवी संधी मिळाली नाहीं, ही कीर्तिकरांची एक तक्रार. मतदाराच्या नांवें भलत्यानेंच मत दिल्याची दुसरी.

बेरीज आणि सही यांमधील घटका किती लहान असते, हें मीं पाहिलें आहे. जागरणानें डोळे तांबारलेल्या प्रतिनिधीनें तेवढ्यांत आंकडे ताडावे, कारणें शोधावीं आणि तीं लिहूनही द्यावीं, ही अपेक्षा मला जड वाटते. ती घटका थोडी लांबवावी, असें माझें मत आहे.

कीर्तिकरांच्या अर्जांत आवश्यक तथ्यें नाहींत, असें म्हणून न्यायमूर्ति संदीप मारणे यांनीं 19 डिसेंबर 2024 रोजीं तो साक्षीपुराव्यापूर्वींच फेटाळला.