शब्दवेध: टाकं आणि टँक

साताऱ्या-सांगलीकडे दिवाळीच्या मातीच्या किल्ल्यावर करवंटी पुरून पाण्याचं टाकं करतात. एखादा हौशी पोरगा मावळ्यांशेजारी स्वतः जुळवून रंगवलेला १/३५ मापाचा रणगाडाही मांडतो. या मापात १७५ सेंटीमीटरचा सैनिक ५ सेंटीमीटरचा होतो. साखळपट्ट्यांना आधी गडद तपकिरी रंग द्यायचा, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवर चंदेरी हात फिरवायचा, की लोखंड झिजल्यासारखं दिसतं.

या रणगाड्याचं इंग्रजी नाव ‘टँक’. कोशकार त्याचा माग मराठी ‘टाकं’, गुजराती ‘टांकुं’पर्यंत नेतात, पोर्तुगीजचीही त्यात भर पडली. इथल्या हौद-तलावांना साहेब टँक म्हणू लागला. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी ही चिलखती गाडी गुपचूप बांधली आणि आपण पाण्याच्या टाक्याच करतोय असं भासवलं. १५ सप्टेंबर १९१६ला ती फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत उतरली; टोपणनाव कायमचं चिकटलं.

मला आपला ‘रणगाडा’ जास्त आवडतो, उच्चारतानाच त्याचा खडखडाट ऐकू येतो. आणि माण-खटाव, जत-आटपाडीत टंचाईच्या उन्हाळ्यात ज्याची वाट पाहतात, तो टँकरही याच टाक्याच्या कुळातला.