घाट चढून आलेला बावटा

‘तीन नंबरचा बावटा लागलाय’ म्हटलं की हर्णैचा कोळी होडी आत घ्यायच्या मागे लागतो. घाटावर, आकुर्डीत, हेच वाक्य बोललं तर लोक रेल्वेच्या सिग्नलकडे बघतील. त्यात त्यांचा दोष नाही. वादळाचा इशारा मुळात जहाजांसाठी जन्माला आला. घाटावरचे सोडा, किनाऱ्यावर घरं बांधून राहणारेही त्याच्या हिशेबात नव्हते.

5 ऑक्टोबर 1864 ला कलकत्त्यावर चक्रीवादळ आदळलं. साठेक हजार माणसं गेली आणि हुगळीत नांगरलेल्या जहाजांची धूळधाण झाली. सरकारला कशाची जास्त झळ लागली कोण जाणे, पण पुढच्याच वर्षी इशारे सुरू झाले ते बंदरासाठी. 1875 मध्ये हवामान खातं स्थापन झालं. पुढे सगळ्या बंदरांना खुणांची एकच भाषा मिळाली: दिवसा डोलकाठीवर शंकू आणि नळकांडी, रात्री तांबडे-पांढरे दिवे. एक-दोन नंबर म्हणजे वादळ अजून दूर, तीन-चार म्हणजे बंदराला झळ बसू शकते, पाचपासून धोका, आठ ते दहा महाधोका. वादळ बंदराला डाव्या हाताला टाकून जाणार, उजव्या हाताला, की थेट अंगावर येणार, हेही नंबरच सांगतो. मला सगळ्यात आवडतो तो अकरावा. त्याचा अर्थ एवढाच, की इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्क तुटला आहे. आपल्याला काही कळत नाही, हे सांगायलाही ज्यांनी खूण ठेवली, ती माणसं हुशार होती.

1928 मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं. 1944 मध्ये ते दिल्लीला गेलं, तरी शिवाजीनगरची ती इमारत आपल्यासाठी ‘सिमला ऑफिस’च राहिली. आकुर्डीहून लोकलने जाणारे कितीतरी जण रोज तिच्या जवळून जातात.

ऑक्टोबर 1999 मध्ये ओडिशात महाचक्रीवादळाने सुमारे 10 हजार बळी घेतले. त्यानंतर इशारे चार पायऱ्यांचे झाले. पहिले तीन किनाऱ्यासाठी: साधारण 72, 48 आणि 24 तास आधी. चौथा वादळ जमिनीवर यायच्या 12 तास आधीचा, आणि तो समुद्रापासून आत राहणाऱ्यांसाठी. घाटमाथ्याची खरी नोंद झाली ती इथे.

3 जून 2020 ला दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ किनाऱ्यावर चढलं. पिंपरी-चिंचवडमध्ये झाडं पडली, वीज गेली. गंमत म्हणजे नाव बांगलादेशने सुचवलेलं होतं, पण मराठी माणसाला ते घरचंच वाटलं, आणि ‘अरबी समुद्रातला तीव्र कमी दाबाचा पट्टा’ याहून ते नक्कीच लवकर तोंडात बसलं.

2023 च्या जुलैमध्ये महाराष्ट्रातल्या असंख्य मोबाइलवर एकाच वेळी कर्कश भोंगा वाजला. मोबाइलवरून आपत्तीचा इशारा देण्याची दूरसंचार विभागाची ती चाचणी होती. टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनवर एकदम संदेश टाकायचा, कुणाचाही नंबर ठाऊक असण्याची गरज नाही. बंदरावरच्या डोलकाठीला शोभेल अशीच ही युक्ती, दिसेल त्या सगळ्यांसाठी. फक्त टॉवर उभा हवा आणि त्याला वीज हवी. ‘निसर्ग’नंतर श्रीवर्धन-म्हसळ्याकडे कित्येक दिवस रेंज नव्हती, आणि मोबाइलमध्ये अकरा नंबर नाही.