सामायिक लायब्ररी आणि आवृत्तिक्रमांकाचा प्रश्न

अनेक आज्ञावलींनी वाटून वापरावयाच्या तयार आज्ञासंचास संगणकशास्त्रात सामायिक लायब्ररी म्हणतात. संच एकच असल्याने जागा वाचते. परंतु तो बदलताच त्यावर विसंबणाऱ्या साऱ्या आज्ञावली अडू शकतात. १९८८ च्या सनओएस ४ मध्ये यास्तव फाइलीच्या नावातच मुख्य व गौण असे दोन क्रमांक घातले गेले. पुढे निरनिराळ्या युनिक्स प्रणालींनी आपापल्या रीती पाडल्या आणि बांधणीचे काम जिकिरीचे झाले.

१९९६ साली गॉर्डन मॅट्झिगकिट यांनी ग्नू लिबटूल हे बांधणीचे साधन रचले ते याच कारणाने. त्यात इंटरफेसचा चालू क्रमांक, त्याची सुधारणा व ‘वय’ असे तीन आकडे द्यावयाचे असतात. खरी खोच वयात आहे : मागील किती इंटरफेस अद्याप सांभाळले जातात, ती ही संख्या. मध्य रेल्वेवर १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह जाऊन २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह येण्याच्या संक्रमणात, जे २०१६ मध्ये संपले, दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या लोकल ठाणे-कल्याणकरांनी पाहिल्या आहेत. त्यांचे ‘वय’ एक होते, असे म्हणता येईल.

लिनक्सवर चालू क्रमांकातून वय वजा जाता उरणारा आकडाच आज्ञावलीत नोंदला जातो. उत्पादनाच्या जाहीर आवृत्तीशी त्याचा संबंध नाही, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. देवनागरी जोडाक्षरे जुळविणाऱ्या हार्फबझची १.० आवृत्ती २०१५ मध्ये निघाली, तरी तिचा हा आकडा शून्यच राहिला; तिच्यावर विसंबलेल्या आज्ञावलींना नव्या बांधणीची गरज पडली नाही. उलट आयसीयू या लायब्ररीचा आकडा प्रत्येक मुख्य आवृत्तीस बदलतो, आणि तिच्या आश्रयाची प्रत्येक आज्ञावली पुन्हा बांधावी लागते.