प्रकल्पाधारित अध्ययन आणि पुण्याची मंडई : यंत्र अभियांत्रिकी शिक्षणाचा ऐतिहासिक मागोवा

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने अभियांत्रिकी पदवीच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात प्रथम वर्षापासूनच ‘प्रकल्पाधारित अध्ययन’ या विषयाचा समावेश केला. ही पद्धती सामान्यतः पाश्चात्त्य मानली जाते. विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये प्रकल्प पद्धतीची मांडणी केली, तर १९७४ मध्ये स्थापन झालेल्या डेन्मार्कमधील ऑलबोर्ग विद्यापीठाने प्रकल्प हाच अध्यापनाचा पाया मानला. तथापि, कृतीतून शिक्षण हा विचार पुण्याला नवीन नाही. प्रस्तुत लेखात मंडईच्या संदर्भात या विचाराचा मागोवा घेतला आहे.

पुण्यातील अभियांत्रिकी शिक्षणाचा प्रारंभ १८५४ मध्ये ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ या संस्थेने झाला. इमारती, धरणे, कालवे, पूल अशा सार्वजनिक कामांसाठी दुय्यम अधिकारी तयार करणे, हा तिचा हेतू होता. म्हणजेच, काम आधी ठरलेले होते आणि शिक्षण त्यासाठी उभे राहिले. १८६६ मध्ये संस्था मुंबई विद्यापीठाशी संलग्न झाली. १९१२ मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदवी सुरू झाली. शिक्षणाला विद्यापीठीय प्रतिष्ठा लाभली, परंतु त्याबरोबर लेखी परीक्षेचे महत्त्वही वाढले. कार्यशाळा अभ्यासक्रमात टिकली. मात्र ठरावीक जोड व ठरावीक मापे यांच्या सरावापुरते तिचे क्षेत्र मर्यादित होत गेले.

याच काळात शिक्षणाच्या उपयुक्ततेचा प्रश्न महात्मा जोतीराव फुले यांनी उपस्थित केला. १८८२ मध्ये हंटर आयोगाला सादर केलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळेत शेतीचे शिक्षण द्यावे व त्यासाठी शाळेला जोडून लहानसे नमुना शेत असावे, अशी सूचना केली. हा विचार केवळ पुस्तकी नव्हता. फुले स्वतः बांधकाम कंत्राटदार होते. १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना बाजाराच्या भव्य इमारतीवर होणाऱ्या खर्चाला त्यांनी विरोध केला. तरीही १८८६ मध्ये ‘रे मार्केट’ उभे राहिले. पुढे त्याच अष्टकोनी वास्तूला त्यांचे नाव दिले गेले, हा इतिहासातील विलक्षण योगायोग होय.

गरजेतून जन्मलेल्या रचनेचे ठळक उदाहरण खडकवासला येथे आढळते. पुण्याच्या याच महाविद्यालयाचे १८८३ चे पदवीधर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी तेथे १९०३ मध्ये स्वयंचलित दरवाजे बसविले. धरणाची भिंत न वाढविता साठा कसा वाढवावा, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. प्रश्न प्रत्यक्ष होता, म्हणून उत्तरही प्रत्यक्षात उतरले.

सद्यःस्थितीत विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतील उणीव नेमकी येथेच आहे. यंत्र तयार होते, अहवाल बांधला जातो, गुण मिळतात. परंतु ते यंत्र कोणाला हवे होते, हा प्रश्न विचारला जात नाही. बाजारातून आयता प्रकल्प विकत घेणे शक्य होते, ते याच कारणाने. मंडईचा गाळा मात्र असा आयता प्रकल्प स्वीकारणार नाही. डोक्यावरील ओझ्याने हमालाच्या मानेवर येणारा भार, भरलेल्या हातगाडीच्या चाकाचा व्यास व तिला लागणारा रोधक, उन्हात पालेभाजी ताजी ठेवण्यासाठी बाष्पीभवनावर चालणारी शीतपेटी : हे सर्व यंत्र अभियांत्रिकीचेच विषय आहेत. हमालांच्या श्रमाची दखल महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्याने घेतली. अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमाने ती अद्याप पुरेशी घेतलेली नाही. २९ सप्टेंबर २०२४ पासून मंडईखालून मेट्रो धावते, परंतु वर भाजीची पाटी आजही माणसाच्याच डोक्यावरून जाते.

सारांश, प्रकल्पाधारित अध्ययन यशस्वी व्हावयाचे असेल, तर विषयाची निवड व मूल्यमापन या दोन्ही टप्प्यांवर वापरकर्त्याला स्थान द्यावे लागेल. परीक्षकांच्या गुणपत्रिकेशेजारी हमालाचा किंवा भाजीविक्रेत्याचा अभिप्राय असणे ही त्याची पहिली पायरी ठरेल. नमुना शेताची सूचना करणाऱ्या फुल्यांच्या विचाराशी ते सुसंगत होईल.