राजीनामा : मिटवण्याचा अधिकार कोणाचा?

परतवाड्याहून धारणीच्या रस्त्याला सिपना नदीकाठी सेमाडोह लागते. धारणी ओलांडली की थोड्याच अंतरावर मध्य प्रदेश. त्या सीमेवर एका शब्दाचा अर्थ बदलतो. आपल्याकडे ‘राजीनामा’ म्हणजे पद सोडल्याचा कागद; पलीकडच्या कोर्टांत तो फिर्यादी आणि आरोपी यांच्यातील समेटाचा. मराठीतही तो मुळात संमतीचाच होता. पेशवाईत पंचांचा निवाडा मान्य राहील असे वादी-प्रतिवादी लिहून देत, तोच राजीनामा.

आजचा धागा याच समेटाविषयी : पक्षकारांनी आपसात मिटवले, तर फौजदारी खटला संपतो का?

वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ साली मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. त्या काळी हरलेला पक्ष येजितखत लिहून देई. जिंकणाऱ्याकडून सरकार ‘हरकी’ घेई आणि दोषीकडून ‘गुन्हेगारी’. वाद गोतात मिटला तरी सरकारचा वाटा सुटत नसे. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. निवाड्याला वतनदार बसत; दाराबाहेर कोण उभे राही, हे सांगायला नको.

१८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला. मुलूख कागदोपत्री निजामाचाच राहिला, तरी इंग्रजी हिंदुस्थानचे कायदे येथे लागू करण्यात आले. १८६० च्या दंड संहितेची २१३ व २१४ ही कलमे पाहावीत : गुन्हा दडपण्यासाठी मोबदला घेणे अथवा देणे हाच गुन्हा ठरला. कारण आता गुन्हा शेजाऱ्याविरुद्ध नव्हता, सरकारविरुद्ध होता.

तरीही एक दार उघडे ठेवले गेले. १८९८ च्या प्रक्रिया संहितेत कलम ३४५, १९७३ च्या संहितेत ३२०, आजच्या नागरिक सुरक्षा संहितेत ३५९. साधी दुखापत झालेल्याला स्वतःच मिटवता येते. फसवून मालमत्ता उकळण्यासारख्या गुन्ह्याला न्यायालयाची परवानगी लागते. यादीबाहेरचे गुन्हे तडजोडपात्र नाहीत.

जंगलात मात्र निराळेच. १९२७ च्या वन अधिनियमातील कलम ६८ नुसार अधिकार दिलेला वनाधिकारी भरपाई घेऊन संशयिताला सोडू शकतो. मूळ कायद्यात कमाल रक्कम ५० रुपये होती. येथे समेटाचा दुसरा पक्ष सरकार स्वतःच! अधिकाऱ्याने छळासाठी केलेली जप्ती मात्र या सवलतीतून वगळलेली आहे, हे वाचून मला बरे वाटले.

यादीबाहेरच्या खटल्यांसाठी उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार आहेत (१९२३ पासून ५६१-अ, पुढे ४८२, आता ५२८). २०१२ च्या ‘ग्यानसिंग विरुद्ध पंजाब राज्य’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की व्यापारी, कौटुंबिक, मुख्यतः खाजगी स्वरूपाचा वाद मिटला असेल तर यादीबाहेरचा खटलाही रद्द करता येतो. खून, बलात्कार, दरोडा यांत नाही.

हे दार नागपूर खंडपीठात आहे. सेमाडोहहून दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर. शिवाय वकिलाची फी. ज्याला हे झेपत नाही तोही मिटवतोच, पण गावात. मग साक्षीदार फितूर होतात आणि आरोपी पुराव्याअभावी सुटतो. समेट होतो, नोंद मात्र खोटी राहते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे विशेष खटकते, कारण शंभर वर्षांनी दप्तर चाळणाऱ्याला तिथे समेट दिसणारच नाही.

१५ ऑगस्ट २००७ रोजी महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. मिटलेल्या तंट्यांना गुण, गुणांवर गावाला बक्षीस. हेतू चांगला, पण गावाचे बक्षीस जिच्या सहीवर अडले आहे, त्या फिर्यादीला नकार देणे किती सोपे असेल?

२०२१ मध्ये मध्य प्रदेशातील एक अ‍ॅट्रॉसिटी खटला सर्वोच्च न्यायालयाने समेटावर रद्द केला, पण दुर्बल घटकातील फिर्यादीची संमती दबावाविना आहे ना, हे तपासण्याची ताकीद देऊन. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजस्थानातील खटल्यात त्याच न्यायालयाने उलट निर्णय दिला : बालिकेच्या लैंगिक छळाचा गुन्हा वडील आणि शिक्षक यांच्या समेटाने संपत नाही.

संमती तपासायची म्हणजे फिर्यादीला विचारायचे, शपथपत्र घ्यायचे. मेळघाटात अनेकांच्या घरात कोरकू बोलतात. तालुक्याच्या कोर्टाची भाषा मराठी आहे. नागपूरला दाखल होणारे शपथपत्र इंग्रजीत असते.